८ एमबीपीएसची लाइन आणि १.२ चा वेग: दोष कुठे शोधायचा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. फोनच्या तारेवरून येणारं ८ एमबीपीएसचं ब्रॉडबँड आहे, पण स्पीड टेस्टचा आकडा १.२ च्या वर जात नाही. फोन वाजला की नेट तुटतं. कंपनीने दोनदा लाइन तपासली आणि दोन्ही वेळा ‘लाइन ओके आहे’ असं सांगितलं. मोडेम बदलून झाला, रोज बंद-चालू करून झाला. मोडेमच्या पानावर डाउनस्ट्रीम (डाउनलोडची बाजू) २२७२ केबीपीएस, म्हणजे सुमारे २.३ एमबीपीएस, अटेन्युएशन ३१ डेसिबल, एसएनआर मार्जिन ६.२ डेसिबल आणि सीआरसी एरर (वाटेत बिघडून आलेल्या माहितीची मोजणी) १८ हजारांच्या पुढे दिसतात. आता मोठा प्लॅन घ्यावा, की पुन्हा मोडेम बदलावा?

सध्या दोन्ही करू नका. बहुतेक लोक फक्त ‘नेट स्लो आहे’ एवढंच सांगतात. तुम्ही मोडेमचं पान उघडून आकडे दिलेत, त्यामुळे अर्धं काम झालेलं आहे. त्या चार आकड्यांवरून एक गोष्ट मी खात्रीने सांगू शकतो: तुमचं घर टेलिफोन एक्स्चेंजपासून इतकं लांब नाही की वेग एवढा कमी व्हावा. वाटेत कुठेतरी काहीतरी बिघडलं आहे आणि ते दुरुस्त होण्यासारखं आहे.

आधी दोन वेगांतला फरक समजून घ्या. एक असतो सिंक स्पीड, म्हणजे तुमचा मोडेम आणि एक्स्चेंजमधलं यंत्र यांनी तारेची परीक्षा घेऊन आपसांत ठरवलेला वेग. तुमच्याकडे तो २२७२ आहे. दुसरा, स्पीड टेस्टमध्ये दिसणारा प्रत्यक्ष वेग. तो सिंकपेक्षा नेहमीच कमी असतो. एडीएसएलवर, म्हणजे फोनच्या तारेवरून ब्रॉडबँड देण्याच्या या पद्धतीत, माहिती ५३ बाइटच्या छोट्या पाकिटांत जाते आणि प्रत्येक पाकिटातले ५ बाइट पत्त्यालाच लागतात. त्यावर लॉगिनची आणि इतर आवरणं चढतात. सगळं धरून साधारण १४-१५ टक्के वजावट होते. म्हणजे २२७२ च्या सिंकवर तुम्हाला १.९ एमबीपीएसच्या आसपास मिळायला हवं, आणि मिळतं १.२. ८ एमबीपीएसची लाइन पूर्ण सिंक झाली तरी स्पीड टेस्टला ७ च दिसेल, तो दोष समजू नका. डाउनलोड करताना ब्राउझर किलोबाइट दाखवतो, त्याला आठने गुणल्याशिवाय त्याची तुलना प्लॅनच्या आकड्याशी करू नका.

तेव्हा तुमच्याकडे एक नाही, दोन दोष आहेत. मोठा दोष सिंक ८ हजारांवरून २२७२ वर आणणारा, तो तारेत आहे. लहान दोष १.९ चे १.२ करणारा, तो कदाचित घरातल्या वाय-फायमध्ये किंवा अपलोडमध्ये आहे, किंवा त्या सीआरसी एररमुळेच आहे. ही गल्लत फार होते. वाय-फायचं चॅनेल बदलून सिंक वाढत नाही आणि तार बदलून वाय-फाय सुधारत नाही. कुठलाही उपाय करण्याआधी तो कुठल्या दोषासाठी आहे हे स्वतःला विचारा.

आता मोठ्या दोषाकडे येऊ. अटेन्युएशन म्हणजे तारेतून येताना सिग्नल किती क्षीण झाला त्याचं माप. नेहमीच्या अर्धा मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेत एडीएसएलचं अटेन्युएशन दर किलोमीटरला १४ डेसिबलच्या जवळपास धरतात. तुमचे ३१ डेसिबल म्हणजे सुमारे सव्वादोन किलोमीटर तार. हे अंतर रस्त्याने मोजलेलं नाही, केबल जशी फिरून येते तसं मोजलेलं आहे. एवढ्या अंतरावर साध्या एडीएसएलने पूर्ण ८ एमबीपीएस द्यायला हवेत, एडीएसएल२+ (त्याची पुढची आवृत्ती) असेल तर त्याहून जास्त. अटेन्युएशन ६० च्या घरात असतं तर मी सांगितलं असतं की तार लांब आहे, आहे त्यात समाधान माना किंवा फायबरची वाट पाहा. तुमच्या बाबतीत तसं मुळीच नाही.

मग मार्जिन. या आकड्याचा अर्थ सगळ्यात जास्त चुकीचा लावला जातो. ‘मार्जिन ६ आहे, म्हणजे लाइन ठीक’ असं तुम्हाला फोनवर सांगितलं गेलं असणार. एसएनआर मार्जिन म्हणजे गोंगाटाच्या वर राखून ठेवलेली शिल्लक. मोडेम सिंक होतो तेव्हा त्याला ठरलेली शिल्लक, बहुतेक ठिकाणी ६ डेसिबल, बाजूला ठेवायची असते. उरलेलं सगळं तो वेगासाठी खर्च करतो. म्हणून वेगावर वरून मर्यादा नसेल तर चांगली लाइनही ६ वरच सिंक होते आणि वाईट लाइनही ६ वरच. नुसत्या मार्जिनवरून काही कळत नाही, ते सिंकच्या शेजारी ठेवूनच वाचावं लागतं. सिंक प्लॅनच्या मर्यादेला टेकलेलं आणि मार्जिन १५-१६ असेल, तर तारेत दम आहे, कंपनीने वर झाकण ठेवलं आहे. तेव्हा मोठा प्लॅन घेऊन खरंच फायदा होतो. सिंक मर्यादेच्या खूप खाली आणि मार्जिन ६ असेल, तर तार आपली सगळी ताकद लावून एवढंच देते आहे. सिंक खाली असूनही मार्जिन १२-१५ असेल, तर कंपनीच्या यंत्रणेने लाइन अस्थिर समजून जाणूनबुजून जास्त शिल्लक ठेवली आहे. तुम्ही दुसऱ्या प्रकारात आहात. मोठा प्लॅन घेतलात तरी सिंक २२७२ च राहील, फक्त बिल वाढेल.

नुकसान किती आहे याचा हिशेब मांडता येतो आणि तो मांडायला मला मनापासून आवडतं, कारण त्यातून शोधाची दिशा ठरते. एडीएसएल आपला पट्टा सुमारे ४.३ किलोहर्ट्झच्या लहान लहान वाहिन्यांमध्ये वाटून घेतं. डाउनलोडसाठी अशा सुमारे २२० वाहिन्या असतात आणि प्रत्येक वाहिनी सेकंदाला ४ हजार वेळा काही बिट पाठवते. एका वाहिनीवर एक बिट जास्त पाठवायचा तर सिग्नल गोंगाटापेक्षा आणखी ३ डेसिबल वर लागतो. म्हणजे गोंगाट ३ डेसिबलने वाढला की प्रत्येक वाहिनीचा एक बिट जातो आणि एकूण वेग जवळजवळ ०.९ एमबीपीएसने घटतो. तुमचे ८ पैकी पावणेसहा एमबीपीएस गेले आहेत. उलटा हिशेब केला तर हा सुमारे २० डेसिबलचा फटका आहे, म्हणजे शंभरपट गोंगाट. एवढा फटका जुनी वायर, थोडी लांब केबल किंवा शेजारच्या लाइनचा त्रास यांनी बसत नाही. फिल्टर (फोनचा आणि नेटचा सिग्नल वेगळा ठेवणारा छोटा भाग) नसलेला फोन, लोंबकळत सोडलेली जास्तीची तार, गंजलेला जोड किंवा घरातलंच एखादं बिघडलेलं यंत्र, यांपैकी काहीतरी आहे. म्हणूनच मी म्हणतो की ते सापडेल.

शोध घरापासून सुरू करा, कारण घरातला दोष तुम्ही आजच काढू शकता. तार घरात येते तो पहिला बॉक्स शोधा. तिथे घरातल्या इतर खोल्यांकडे जाणाऱ्या सगळ्या जोडण्या सोडवा, सगळे फोन काढा. फॅक्स, दाराची घंटा किंवा अलार्म लाइनला लावला असेल तर तोही काढा. जो अलार्म फोन लाइन वापरतो हे घरच्यांनाच ठाऊक नसतं, तो मी अनेकदा शेवटी शोधून काढला आहे. मग फक्त मोडेम, तोही आखूड वायरने, थेट पहिल्या बॉक्सला लावा आणि सिंक किती येतं ते लिहून ठेवा. तारांना हात लावण्याआधी एक सूचना: लाइनवर नेहमी ४८ व्होल्टच्या आसपास दाब असतो आणि घंटी वाजताना तो ७५ ते ९० व्होल्टपर्यंत जातो. चांगला झटका बसतो. विजा चमकत असतील तर हे काम अजिबात करू नका. आणि पहिल्या बॉक्सच्या अलीकडची बाजू तुमची, पलीकडची कंपनीची. पलीकडे हात घालू नका.

या एका चाचणीने बहुतेक प्रकरणं अर्धी होतात. सिंक ७-८ हजारांवर उडी मारून गेलं, तर दोष घरात आहे. मग एकेक जोडणी परत लावत जा. जिच्यानंतर सिंक कोसळेल ती गुन्हेगार. इथे थोडा धीर लागतो. प्रत्येक वेळी मोडेमला नव्याने सिंक होऊ द्यावं लागतं, दोन-तीन मिनिटं जातात. घाई केली तर चुकीच्या फोनवर आळ येतो.

प्रत्येक फोनला मायक्रोफिल्टर लागतो हे तुम्हाला माहीत असेल. एक जरी राहिला तर सगळी लाइन बिघडते. फिल्टर खराबही होतात आणि बाहेरून पाहून ते कळत नाही. पाच-सहा फोनना पाच-सहा फिल्टर लावण्यापेक्षा पहिल्या बॉक्सपाशीच एक चांगला स्प्लिटर लावावा, फोनची वायर आणि मोडेमची वायर तिथूनच वेगळी करावी. मी माझ्या हाताने केलेल्या घरांत शक्य तिथे असंच केलं आहे.

फिल्टरइतकाच मोठा पण फारसा कोणाच्या लक्षात न येणारा दोष म्हणजे मोकळी सोडलेली तार. पूर्वी दुसऱ्या खोलीत फोन होता, तो काढला, पण भिंतीतली तार तशीच जोडलेली राहिली. आवाजाला तिने काही फरक पडत नाही, म्हणून कोणी विचार करत नाही. ब्रॉडबँडचा सिग्नल मात्र त्या तारेच्या टोकापर्यंत जातो, आपटून परत येतो आणि मूळ सिग्नललाच मारतो. तारेतला वेग धरला तर १ मेगाहर्ट्झला सुमारे ५० मीटरची मोकळी तार नेमकी पाव तरंग भरते आणि त्या भागातल्या वाहिन्या जवळजवळ मरतात. तुमचा मोडेम वाहिनीवार बिटचा आलेख दाखवत असेल तर तो पाहा. मोकळ्या तारेने त्यात रुंद खड्डा पडतो. वापरात नसलेली तार दोन्ही टोकांना सोडवून टाका. असा खड्डा मी पहिल्यांदा आलेखात पाहिला आणि मग भिंतीत ती विसरलेली तार सापडली, तेव्हापासून आलेख दाखवणाऱ्या मोडेमबद्दल मला विशेष आपुलकी आहे.

आता फोन वाजला की नेट तुटण्याकडे वळू. तुमच्या सगळ्या माहितीत मला हीच खूण सर्वांत बोलकी वाटते. सगळे फोन काढून, फक्त मोडेम पहिल्या बॉक्सला ठेवून, मोबाइलवरून घरच्या नंबरला फोन लावा. सिंक टिकलं, तर संशय घरातल्या फोनवर किंवा फिल्टरवर. एक फोन फिल्टरसह लावून पुन्हा करा, मग फिल्टर बदलून पुन्हा. पण एकही फोन नसताना सिंक तुटलं, तर दोष बाहेरच्या जोडात आहे असं मी जवळजवळ नक्की धरेन. पाणी किंवा दमट हवा लागून तांब्याच्या जोडावर गंज चढतो. तो जोड धड जोडलेलाही नसतो आणि तुटलेलाही नसतो. घंटीचा दाब आला किंवा फोन उचलल्यावर प्रवाह वाहू लागला की त्याचा रोध एकदम बदलतो आणि मोडेमच्या पायाखालची जमीन सरकते. काही लाइनवर याच्या उलट दिसतं: फोन उचलून ठेवला की नेट सुधारतं, कारण वाहता प्रवाह त्या गंजातून वाट काढतो. दोन्ही एकाच आजाराची लक्षणं. एक तार पूर्ण तुटलेली असेल तर फोन मुका होतो, पण नेट अडखळत चालूच राहतं. ते पाहून ‘फोन बंद, नेट चालू, म्हणजे लाइन ठीक’ असं समजू नका.

कानांनी एक चाचणी करा. साधा वायरचा फोन घ्या, कॉर्डलेस नको, त्याचा स्वतःचा आवाज असतो. तो स्प्लिटरसह पहिल्या बॉक्सला लावा. उचला, एखादा आकडा दाबा म्हणजे डायल टोन थांबेल, आणि शांत राहून ऐका. खरखर, तडतड किंवा घोंघावणं आलं तर तक्रार ‘नेट स्लो’ अशी देऊ नका, ‘फोनवर खरखर आहे’ अशी द्या. ती लाइनचा दोष म्हणून नोंदली जाते, लाइनमनकडे जाते आणि जोड तपासले जातात. एक्स्चेंजमधून केलेली चाचणी दाब आणि इन्सुलेशन पाहते. गंजलेला जोड त्या क्षणी बरा वागला तर ‘ओके’ निकाल येतो. तुम्हाला दोनदा ओके मिळालं ते खोटं नव्हतं, ती चाचणीच अपुरी होती.

घरातला गोंगाट हा आणखी एक संशयित. मध्यम लहरींचा रेडिओ ५३० ते १६०० किलोहर्ट्झच्या पट्ट्यात चालतो आणि एडीएसएलही १.१ मेगाहर्ट्झपर्यंत जातं, म्हणजे दोघांचा मोठा भाग एकच आहे. त्यामुळे बॅटरीवर चालणारा जुना रेडिओ हे उत्तम शोधयंत्र ठरतं. स्टेशन नसलेल्या जागी, ६०० किलोहर्ट्झच्या आसपास, रेडिओ लावा आणि घरभर फिरा. चार्जर, एलईडी दिवा, टीव्हीचा बॉक्स, लॅपटॉपचा अडॅप्टर, ज्याच्या जवळ गुरगुर वाढेल तो बंद करून मार्जिन पाहा. मोडेमचा स्वतःचा अडॅप्टरही तपासा, तो नव्या मोडेमबरोबर बदलला नसेल तर नक्कीच. रात्री मार्जिन दोन-तीन डेसिबलने उतरत असेल तर घाबरू नका. अंधार पडल्यावर लांबची रेडिओ स्टेशनं वातावरणाच्या वरच्या थरावरून परतून येतात आणि तार त्यांचा अँटेना बनते. ते नैसर्गिक आहे. पण ठरावीक वेळी एकदम आठ-दहा डेसिबल पडत असतील तर कुठलं तरी यंत्र त्या वेळी चालू होतं आहे. वेळ लिहून ठेवा.

सीआरसी एरर १८ हजार, हा आकडा वेळेशिवाय अपुरा आहे. महिन्याभरात १८ हजार चालतील, तासाभरात नाहीत. मोजणी शून्य करा किंवा आताचा आकडा लिहून तासाने पुन्हा पाहा. मिनिटाला शेकड्याने वाढत असतील तर दर थोड्या वेळाने माहितीची पाकिटं फुटत आहेत, ती पुन्हा मागवावी लागतात आणि संगणक आपणहून वेग कमी करतो. तुमचा १.९ आणि १.२ मधला फरक यानेच पडत असू शकतो, आणि तसं असेल तर मोठा दोष गेला की लहानही जाईल.

तसं नसेल तर लहान दोषासाठी दोन गोष्टी. एक, स्पीड टेस्ट नेहमी वायरने जोडलेल्या संगणकावर करा, वाय-फायवर केलेली मी विचारातच घेत नाही. दुसरी, अपलोड. या लाइनवर अपलोड जेमतेम अर्धा ते एक एमबीपीएस असतं. एखादा मोबाइल मागे गुपचूप फोटो चढवत असेल तर ती चिंचोळी वाट भरून जाते. डाउनलोड करतानाही ‘पोचलं’ म्हणून पावत्या वर पाठवाव्या लागतात, त्या रांगेत अडकतात आणि डाउनलोड कोसळतं. सगळे मोबाइल काही मिनिटं वाय-फायवरून काढा आणि पुन्हा मोजा. सिंक तेच असताना फक्त संध्याकाळी वेग पडत असेल आणि पहाटे पूर्ण मिळत असेल, तर गर्दी कंपनीच्या बाजूला आहे, घरात शोधू नका. डीएनएस (वेबसाइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणारी सेवा) बदलल्याने पानं उघडायला थोडी लवकर सुरुवात होते, वेग वाढत नाही.

आणि कृपा करून मोडेम रोज बंद-चालू करणं थांबवा. अनेक कंपन्यांची यंत्रणा लाइन किती वेळा तुटते हे मोजत असते. तुम्ही स्वतः स्विच दाबलात तरी तिच्या दृष्टीने तो तुटलेला सिंक असू शकतो. मग ती लाइन अस्थिर समजून शिल्लक वाढवते, वेग उतरवते, आणि ते परत वर यायला काही दिवस ते काही आठवडे लागतात. चाचण्या एका दुपारी उरकून टाका आणि नंतर मोडेम पंधरा दिवस हलवू नका.

पहिल्या बॉक्सवरही सिंक २२७२ च राहिलं, तर काम कंपनीचं. तक्रारीत एवढं लिहा: अटेन्युएशन ३१, पहिल्या बॉक्सवर सगळे फोन काढून सिंक इतकं, घंटीवर सिंक तुटतं, एरर तासाला इतके. लाइनमन आला की त्याला घरातल्या बॉक्सपाशी थांबवू नका. खांबावरचा आणि डीपीमधला (जिथून घरोघरी तारा फुटतात त्या बॉक्समधला) जोड उघडून नव्याने करायला सांगा, आणि तरी फरक पडला नाही तर पेअर, म्हणजे तुमच्या लाइनची तारांची जोडी, बदलून मागा. केबलमध्ये सहसा मोकळ्या पेअर असतात आणि नुसती पेअर बदलून लाइन सुधारलेली मी कितीतरी वेळा पाहिली आहे. जोड दुरुस्त झाल्यावर प्रोफाइलही (यंत्रणेने तुमच्या लाइनसाठी ठरवलेला वेग आणि शिल्लक) रिसेट करून घ्या, नाहीतर तार बरी होऊनही यंत्रणेने धरलेला जुना वेग तसाच राहील.

पहिल्या बॉक्सवरचं सिंक, घंटी वाजवल्यावर काय झालं आणि तासाभरातले सीआरसी, हे तीन आकडे मला कळवा. अपस्ट्रीमचं मार्जिनही दिसत असेल तर तेही लिहा, ते तुमच्या पहिल्या माहितीत नव्हतं.